‘माझं मी करणार’ म्हणणाऱ्या वयासाठी चित्रपुस्तके कशी निवडावीत?

चित्रपान

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की त्याच्या वागण्यात एक हट्ट दिसू लागतो: बूट माझे मी घालणार, जिना माझा मी चढणार, पेला माझा मी धरणार. एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये मानवी विकासाच्या ज्या आठ अवस्था मांडल्या, त्यांतील दुसरी अवस्था नेमकी याच हट्टाची आहे. स्वतःचे स्वतः करण्याची ओढ एकीकडे आणि लाज व स्वतःविषयीची शंका दुसरीकडे, अशी ती ओढाताण असते. तीन ते पाच या वयात तिला आणखी एक पदर मिळतो. आता मुलाला केवळ सांगितलेले करून दाखवायचे नसते, तर स्वतःच्या कल्पनेने काहीतरी सुरू करायचे असते. या वयाच्या मुलांबरोबर वाचण्यासाठी चित्रपुस्तके निवडताना आपण नेमके काय पाहावे, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

माझे मत आधीच मांडते. आत्मविश्वास वाढवणारी म्हणून जी पुस्तके पुढे केली जातात, त्यांतील बरीचशी मुलाला थेट उद्देशून बोलतात: तू हुशार आहेस, तू धीट आहेस, तू ठरवशील ते करशील. चित्रे गोड असतात, मोठ्यांना वाचताना भरून येते. पण त्या पानांवर कोणीही काहीही करत नसते. मुलाला समर्थ वाटायचे असेल, तर त्याच्याविषयीची चांगली मते त्याला ऐकवून भागत नाही. त्याच्यासारख्याच कोणीतरी एखादे काम कसे तडीस नेले, हे त्याला टप्प्याटप्प्याने दिसावे लागते.

अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले होते: स्वतः केलेल्या कामात आलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते काम करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. त्यांतला पहिला सर्वांत बळकट. तो कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही, परंतु दुसरा स्रोत पुस्तकाच्या आवाक्यातला आहे. कौतुकाची पुस्तके मात्र तो सोडून तिसऱ्यावरच थांबतात, आणि म्हणूनच मला ती अपुरी वाटतात.

त्यामुळे नवे पुस्तक हातात आले की मी ते शेवटाकडून चाळते आणि अडचण कोणी सोडवली एवढेच आधी पाहते. ती मोठ्या माणसाने सोडवली असेल, जादूने सुटली असेल किंवा आपोआप नाहीशी झाली असेल, तर ते पुस्तक अन्य कारणांनी सुंदर असू शकते, पण या कामाचे नाही. मग मी मधली पाने पाहते. न जमण्याला तेथे किती जागा दिली आहे? एका पानावर ‘त्याने खूप प्रयत्न केले’ असे लिहून पुढच्याच पानावर यश दाखवले असेल, तर मुलाला प्रयत्न म्हणजे काय ते कळत नाही, केवळ प्रयत्न हा शब्द कळतो.

एझ्रा जॅक कीट्स यांचे 1964 सालचे ‘व्हिसल फॉर विली’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पीटरला आपल्या कुत्र्याला बोलावण्यासाठी शीळ घालायची आहे आणि ती येत नाही. तो फुंकतो, शीळ वाजत नाही. मग तो गरगर फिरतो, खडूने रेघ ओढतो, वडिलांची टोपी घालून मोठा झाल्याचा आव आणतो, पुन्हा फुंकतो, पुन्हा नाही. अपयश आणि खेळ यांची ही सरमिसळ लहान मुलाच्या शिकण्याचे अगदी खरे चित्र आहे. मूल सलग सराव करत नाही. ते सोडून देते आणि परत येते. शीळ वाजते ती पीटरची स्वतःची. ती कशी घालायची हे त्याला कोणीही शिकवलेले नसते.

आपापले निकष आणि अनुभव कृपया मोकळेपणाने लिहावेत.

पाटीपेन्सिल

अतिशय आवश्यक विषय. मी बालवाडीच्या वयोगटाबरोबर काम करते. आपण मांडलेल्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते: पुस्तक बंद झाल्यावर मुलाच्या हाताला काय मिळते, हेही निवडीच्या वेळीच पाहायला हवे.

गॅब्रिएल सिमकॉक आणि जुडी डीलोश यांचा 2006 मधील एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. त्यांनी 18, 24 आणि 30 महिन्यांच्या मुलांना एक छोटे चित्रपुस्तक वाचून दाखवले. त्यात एक मूल साध्या वस्तूंपासून खुळखुळा तयार करते. नंतर त्याच वस्तू या मुलांसमोर ठेवल्या, तेव्हा केवळ पुस्तकात पाहिलेल्या कृती त्यांनी करून दाखवल्या. मात्र चित्रांच्या स्वरूपाने फरक पडला: रंगीत छायाचित्रे असलेली आवृत्ती पाहिलेल्या मुलांना अधिक जमले, पेन्सिलीच्या रेखाटनांवरून कमी जमले, आणि वय जितके लहान तितका वास्तवाशी जवळीक असलेल्या चित्रांचा आधार अधिक लागला. म्हणजे दीड वर्षाचे मूलही पुस्तकातून कृती उचलू शकते. परंतु त्यासाठी पानावरची वस्तू आणि समोरची वस्तू एकच आहे, हे त्याला ओळखू यायला हवे.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. दोन वर्षांच्या आतील मुलांसाठी मी साध्या, ओळखीच्या वस्तूंची, शक्य तेथे छायाचित्रांची पुस्तके घेते, आणि पुस्तकात जी वस्तू आहे ती वाचनानंतर त्यांच्या हाताशी ठेवते. बटणाचे पुस्तक वाचले, तर मोठ्या बटणांचा सदरा शेजारी असतो. मी काही सुचवत नाही. बहुतेक मुले आपणहून तिकडे वळतात, आणि जी वळत नाहीत त्यांना मी वळवत नाही, कारण तसे केले की पुस्तक म्हणजे पुढच्या कामाची सूचना ठरते आणि मुले पुस्तकालाच टाळू लागतात.

वाचण्याच्या पद्धतीविषयीही सांगणे आवश्यक आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये संवादी वाचनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढेच शिकवले होते की सलग वाचत सुटू नका, मुलाला बोलते करा, ‘हे काय’ याऐवजी ‘हा काय करतो आहे’ असे विचारा, आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत करा. महिनाभराच्या अशा वाचनानंतर त्या मुलांच्या भाषेत लक्षणीय प्रगती दिसली. प्रयोग भाषेसाठी होता, परंतु मला त्यात दुसरेही काही दिसते. गोष्ट सांगण्याची सूत्रे हळूहळू मुलाकडे जातात आणि मोठा माणूस ऐकणारा होतो. ‘हे पुस्तक मला वाचता येते’ असे तीन वर्षांचे मूल चित्रांवरून गोष्ट सांगत म्हणते, तेव्हा ते खरेच बोलत असते. त्याला ‘तुला अजून अक्षरे येत नाहीत’ असे कृपया कोणी सांगू नये.

सावकाश

धागा आवडला, तरीही एक गंभीर शंका मांडतो. आपण चित्रपुस्तकाकडे औषध म्हणून पाहू लागलो आहोत का? मूल घाबरते, म्हणून धैर्याचे पुस्तक; चिडते, म्हणून रागाचे पुस्तक; बूट घालत नाही, म्हणून बुटाचे पुस्तक. अशी पुस्तके मी माझ्या मुलासाठी आणली आहेत आणि त्यांतील बहुतेक त्याने दुसऱ्यांदा मागितलेली नाहीत. तो पुन्हा पुन्हा मागतो ती पुस्तके निखळ वेडेपणाची आहेत, आणि त्यांतून त्याला काय ‘मिळते’ हे मला सांगता येणार नाही. साहित्य म्हणून जे पुस्तक उभे राहत नाही, ते उपयुक्त म्हणून तरी कसे उभे राहील?

चित्रपान

सावकाश, आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर माझ्या मते आपल्याच अनुभवात आहे. मूल ज्या पुस्तकाकडे परत येते, तेच त्याच्यावर काही परिणाम करू शकते. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द गोष्टींतून ऐकवले. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना तेच शब्द असलेल्या वेगवेगळ्या गोष्टी. शब्द तितक्याच वेळा कानावर पडूनही ते अधिक लक्षात राहिले एकच गोष्ट पुन्हा ऐकलेल्या मुलांच्या. गोष्ट परिचित झाली की मुलाचे लक्ष ‘पुढे काय होणार’ यातून मोकळे होते आणि तपशिलाकडे जाते. कृतीच्या बाबतीतही असेच घडत असावे असा माझा कयास आहे: पहिल्या वाचनात पीटरला शीळ येते की नाही हे मुलाला कळते, आणि पुढच्या वाचनांत तो ओठांचे काय करतो हे दिसते.

म्हणून कंटाळवाणे पण ‘उपयुक्त’ पुस्तक हे मुळात उपयुक्तही नसते, या आपल्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त वेडेपणाची पुस्तके या विषयाच्या बाहेर ठेवू नयेत. ज्या पुस्तकात मोठी माणसे गोंधळलेली आहेत आणि खरी गोष्ट केवळ वाचणाऱ्या मुलाला चित्रांत दिसते आहे, तेथे मुलाला मिळणारा आनंद हा समर्थपणाचाच आहे. मजकूर एक सांगतो, चित्र दुसरेच दाखवते आणि ते पकडतो कोण, तर अजून अक्षरओळख नसलेला श्रोता. आपला मुलगा मागतो त्या पुस्तकांत असे काही आहे का, हे जरूर पाहा.

रेषाविशेष

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, त्यामुळे कागदाच्या बाजूने थोडे लिहिते. येथपर्यंतच्या चर्चेत कथानकाचा विचार पुष्कळ झाला आहे, पण मूल कथानकापूर्वी चित्र वाचते.

चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचे असते, कारण छापील कागदाची घडी आठ किंवा सोळा पानांच्या पटीत पडते. शीर्षकपान आणि माहितीचे पान वजा केल्यावर गोष्टीसाठी साधारण बारा-तेरा जोडपाने उरतात. एवढ्याशा जागेत अपयशाला किती पाने द्यायची, हा चित्रकाराचा आणि संपादकाचा अगदी प्रत्यक्ष निर्णय असतो. घाई झाली की पहिला बळी मधल्या प्रयत्नांचा जातो. एकाच पानावर तेच मूल चार-पाच वेळा काढून, प्रत्येक आकृतीत थोडा बदल करून, प्रयत्नांची मालिका दाखवता येते, आणि मुले अशा पानावर बोट फिरवत फार वेळ रेंगाळतात. परंतु त्या बारीक बदलांत माहिती असायला हवी. पहिल्या आकृतीत बूट उलट पायात आहे, दुसरीत तो सरळ आहे पण टाच बाहेर आहे, तिसरीत टाच आत आहे आणि जीभ दुमडली आहे. असे असेल तर मूल त्यातून काही शिकते. पाचही आकृत्यांत फक्त घामाचे थेंब वाढत गेले असतील, तर ती नुसती सजावट असते.

हात नीट पाहा. कृतीच्या पुस्तकात हात कसे काढले आहेत, यावरून मी पुस्तकाचा प्रामाणिकपणा ठरवते. अनेक चित्रकार लहान मुलांचे हात गोंडस, बोटे नसलेले गोळे म्हणून काढतात. ज्या हाताला अंगठा नाही, तो बटण काजात कसे घालणार? पानावर चिमूट दिसली पाहिजे, एका हाताने धरलेले आणि दुसऱ्या हाताने ओढलेले दिसले पाहिजे.

दृष्टीची उंचीही तितकीच बोलते. वरून पाहिलेले मूल लहान आणि असहाय दिसते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले की टेबलाची कड उंच होते, मोठ्यांचे फक्त गुडघे आणि हात चौकटीत येतात, आणि मुलाचे काम त्याच्याच मापाने मोठे दिसते. काही चांगल्या पुस्तकांत मोठ्यांचे चेहरे मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलेले असतात. माणूस जवळ आहे हे मुलाला कळते, पण त्याच्या चेहऱ्यावर पसंती आहे की नापसंती, हे शोधत बसावे लागत नाही.

आणि पान उलटण्याची जागा. उजव्या पानाच्या शेवटी प्रयत्न अपुरा ठेवला, तर पुढे काय झाले ते पाहण्यासाठी पान उलटण्याचे काम मुलाच्या हाताने होते. जाड पुठ्ठ्याची पाने याचसाठी मोलाची आहेत. वर्षाच्या मुलालाही ती स्वतः उलटता येतात. दोन-तीन पाने एकदम उलटली गेली तरी त्यांना उलटू द्यावे.

मधली फळी

व्यवसायोपचार हे माझे क्षेत्र आहे आणि हातांविषयी वाचून आनंद झाला. मुलाला अवघड जाणाऱ्या हालचालींचे तुकडे करणे हेच आमचे रोजचे काम असते, त्यामुळे पुस्तकातील काम मुलाच्या मापाचे आहे का, याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

काढणे हे घालण्यापेक्षा सोपे असते. मोजा ओढून काढणे मुलांना घालण्याच्या बरेच आधी जमते. चेन वर ओढणे जमते, पण तिची खालची दोन टोके एकमेकांत अडकवणे बराच काळ जमत नाही. बुटाची नाडी बांधणे तर बहुतेक मुलांना पाच-सहा वर्षांच्या आसपास साधते. असे असताना अडीच वर्षांच्या मुलासाठी नाडी बांधणाऱ्या नायकाचे पुस्तक आणले, तर त्यातून मुलाला स्वतःची उणीवच दिसते. पुस्तकातील काम आज त्याच्या हातून अर्धे होत असले पाहिजे. लेव वायगोत्स्की यांनी ज्याला निकट विकासाचे क्षेत्र म्हटले, म्हणजे एकट्याने न जमणारे पण थोड्या आधाराने जमणारे काम, त्या पट्ट्यातलेच पुस्तक निवडावे.

आधार कसा द्यावा, यासाठी आम्ही एक पद्धत वापरतो. काम शेवटाकडून शिकवायचे. चेन मोठ्याने अडकवायची, अर्ध्यापर्यंत आणायची, आणि शेवटचा वर ओढण्याचा भाग मुलाचा. ते साधले की त्याच्या आधीचा टप्पाही मुलाकडे द्यायचा. असे केल्याने काम पूर्ण झाल्याचा क्षण प्रत्येक वेळी मुलाच्या हातात येतो. पुस्तकातही हे पाहता येते. ज्या गोष्टीत मोठा माणूस सुरुवात करून देतो आणि शेवट मुलाकडे सोडतो, ती मला ‘मुलाने सगळे एकट्याने केले’ या गोष्टीपेक्षा अधिक खरी वाटते. चित्रपान यांचा ‘अडचण कोणी सोडवली’ हा निकष उत्तम आहे, पण तो इतका कडक लावू नये की मदत मागणारे प्रत्येक मूल बाद होईल. ‘हे टोक धरशील का?’ असे नेमके सांगता येणे हीसुद्धा मोठी क्षमता आहे. चालताना आधाराची साधने वापरणाऱ्या, चाकांच्या खुर्चीतून फिरणाऱ्या किंवा हातात पुरेसे बळ नसलेल्या मुलांसाठी तर हे फार महत्त्वाचे आहे. त्यांना दाखवणारी जी थोडी पुस्तके आहेत, त्यांत बहुधा इतरांनी त्यांना सामावून घेतले, एवढीच गोष्ट असते. त्या मुलाने स्वतः काय केले? खेळ कोणता असावा हे त्याने ठरवले का, पतंग कोणत्या बाजूने सोडायचा हे त्याने सांगितले का? असे पुस्तक सापडले, तर ते सर्वच मुलांना वाचून दाखवावे.

मोठ्यांनी मध्ये पडण्याविषयीचा पुरावाही सांगतो. ज्युलिया लिओनार्ड आणि सहकाऱ्यांच्या 2021 मधील प्रयोगांत चार-पाच वर्षांच्या मुलांना अवघड कोडी दिली होती. ज्यांचे कोडे मोठ्याने हातातून घेऊन सोडवून दिले, त्या मुलांनी पुढच्या वेगळ्याच आव्हानात लवकर हार मानली. याच लिओनार्ड यांच्या 2017 मधील प्रयोगात पंधरा महिन्यांच्या मुलांसमोर मोठा माणूस एका डब्यातून खेळणे काढण्यासाठी झटताना दाखवला होता; ज्या मुलांनी ही धडपड पाहिली, त्यांनी नंतर स्वतःच्या हातातील खेळणे वाजवण्यासाठी अधिक वेळा प्रयत्न केले. सहज यश पाहिलेल्या मुलांनी तितके प्रयत्न केले नाहीत. पहिल्याच फटक्यात सारे साधणारा नायक लहानांना का नको, याचे उत्तर मला येथे मिळते.

गोष्टवेल्हाळ

मी आजोबा या नात्याने वाचतो आहे. प्रश्न प्राण्यांविषयीचा आहे. माझ्या नातवंडांच्या पुस्तकांत बूट घालणारे ससे आणि सायकल चालवणारी अस्वलेच अधिक आहेत. ‘आपल्यासारख्या कोणाला तरी पाहणे’ हा जर कळीचा मुद्दा असेल, तर सशाला पाहून मूल स्वतःला तेथे पाहते का?

पाटीपेन्सिल

आजोबा, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गॅनिया यांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या प्रश्नाच्या जवळचा आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. एका आवृत्तीत पात्रे माणसे होती, दुसरीत माणसांसारखे वागणारे प्राणी. त्यानंतर मुलांनी आपले स्टिकर इतरांना किती दिले, हे पाहिले. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा अधिक दिले, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी नाही. मात्र प्राण्यांना माणसांसारखे मानण्याकडे ज्या मुलांचा कल अधिक होता, त्यांनी प्राण्यांची गोष्ट ऐकूनही अधिक वाटले.

हा अभ्यास वाटून घेण्याविषयीचा आहे, बूट घालण्याविषयीचा नाही, त्यामुळे त्यावरून ससे बाद करण्याचे कारण नाही. माझा अनुभव असा आहे की भावना अवघड असेल तेव्हा प्राणी बरे पडतात. अंधाराची भीती सशाची असली की मूल तिच्याविषयी मोकळेपणाने बोलते. पण हाताने करायची कृती असेल, तेव्हा मी माणसाचे मूल असलेले पुस्तक घेते, कारण पंजाला चिमूट नसते. रेषाविशेष यांचे हातांविषयीचे म्हणणे येथे तंतोतंत लागू पडते.

सावकाश

माझी शंका बरीचशी दूर झाली आहे, त्याबद्दल सर्वांचे आभार. स्तुतीविषयी विचारतो. गोष्टीच्या शेवटी आई-वडील टाळ्या वाजवतात, मिठी मारतात, ‘शाब्बास’ म्हणतात. ते चुकीचे आहे का? पीटरच्या गोष्टीतही आई-वडील कौतुक करतातच.

चित्रपान

करतात, आणि त्यानंतर पीटर शीळ घालतच निरोपाच्या कामाला बाहेर पडतो. कौतुकावर गोष्ट थांबत नाही, नव्याने आलेली कला लगेच वापरात येते. मला हा क्रम फार योग्य वाटतो.

स्तुती चुकीची नाही, ती कशाची आहे हे पाहावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा 1998 मधील अभ्यास सुपरिचित आहे: ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती केली, ती पुढे अपयश येताच लवकर खचली, ज्यांच्या मेहनतीची केली, ती टिकून राहिली. ती मुले पाचवीतली होती, म्हणून तो निष्कर्ष दोन वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावू नये. लहानांसाठी एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांचे 2013 मधील काम अधिक जवळचे आहे. त्यांनी 14, 26 आणि 38 महिन्यांच्या मुलांच्या घरी जाऊन पालकांचे नेहमीचे बोलणे नोंदवले होते, आणि तीच मुले सात-आठ वर्षांची झाल्यावर त्यांचे विचार जाणून घेतले. ज्या पालकांच्या एकूण स्तुतीत कृतीच्या स्तुतीचा वाटा अधिक होता, त्यांच्या मुलांना अवघड कामे अधिक हवीशी वाटत होती आणि क्षमता वाढवता येते असे ती अधिक मानत होती. हा संबंध आढळला आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

पुस्तकाला हे लागू करायचे तर शेवटच्या पानावरचे वाक्य वाचावे. ‘किती हुशार आहेस तू’ असे असेल, तर मी वाचताना ते बदलते आणि चित्रात जे घडले तेच सांगते: ‘तू फळी उलटी फिरवलीस आणि मग ती बसली.’ लेखकाचा मजकूर बदलण्यास काहींचा आक्षेप असेल, परंतु अक्षर न वाचणाऱ्या श्रोत्यासमोर वाचणारा हाही गोष्टीचा भागीदार असतो.

स्तुती मुळीच नसलेली पुस्तकेही असतात, आणि त्यांचे बळ वेगळेच असते. रूथ क्रॉस यांच्या 1945 मधील ‘द कॅरट सीड’मध्ये एक मुलगा गाजराचे बी पेरतो. आई, वडील, मोठा भाऊ, सगळे सांगतात की ते उगवणार नाही. तो रोज तण काढतो, पाणी घालतो. काहीच उगवत नाही, तरी तो ते करत राहतो, आणि एके दिवशी गाजर येते. शेवटी कोणीही त्याची पाठ थोपटत नाही. क्रॉकेट जॉन्सन यांची चित्रे अगदी मोजक्या रेषांची आहेत आणि मजकूर शंभराच्या आसपास शब्दांचा. मुलाच्या हातात ढकलगाडी आहे, गाडीत त्याच्यापेक्षा मोठे गाजर आहे, आणि पुस्तक संपते.

गोष्टवेल्हाळ

शेवटी एक प्रत्यक्ष अडचण. माझ्या अडीच वर्षांच्या नातीकडे ठोकळ्यांच्या मनोऱ्याचे एक पुस्तक आहे. मनोरा कोसळतो ते पान आले की ती पुस्तक मिटते आणि बाजूला ठेवते. आग्रह करून पुढे वाचावे, की ते पुस्तक काही काळ दूर ठेवावे?

मधली फळी

दोन्ही नको. तिला मिटू द्यावे. कोठे थांबायचे हे तिने ठरवले आहे आणि तेही तिचे स्वतःचे काम आहे. प्रत्यक्ष ठोकळ्यांशी खेळताना ती काय करते, याकडे मात्र लक्ष द्यावे. तेथे मनोरा पाडण्यात तिला आनंद होत असेल, तर प्रश्न फक्त त्या चित्राचा आहे: कदाचित त्यातल्या मुलाचा रडका चेहरा तिला नको असेल. प्रत्यक्षातही कोसळल्यावर ती दूर होत असेल, तर आपण तिच्या शेजारी बसून स्वतःचा मनोरा रचावा, तो पडू द्यावा, आणि ‘खालचा ठोकळा लहान होता, मोठा घेऊन पाहतो’ असे मोठ्याने म्हणत पुन्हा रचावा. तिला सहभागी होण्यास सांगू नये.

रेषाविशेष

एक सुचवते. ते कोसळण्याचे पान दोन्ही पानांवर पसरलेले, गडद आणि कडेपर्यंत रंगवलेले आहे का, ते पाहावे. आम्ही नाट्य वाढवण्यासाठी तसे करतो आणि अडीच वर्षांच्या मुलांना ते कधीकधी झेपत नाही. तसे असेल तर तिला आधी शेवटचे पान दाखवावे, जेथे मनोरा पुन्हा उभा आहे, आणि ‘हा परत कसा उभा राहिला असेल?’ असे विचारून तिच्याबरोबर मागे मागे यावे. पुस्तक उलट दिशेने वाचण्यास काहीच हरकत नसते.

गोष्टवेल्हाळ

पान तसेच आहे, काळ्या-निळ्या रंगाचे आणि पूर्ण पसरलेले. शेवटाकडून वाचून पाहतो, आणि ठोकळे शेजारी ठेवतो. काय घडते ते येथेच लिहीन.